फुकट मिळालेला कोट विकायचा कशाला?

मुलगा किंवा मुलगी इंग्लंडला असते म्हणून दोन-तीन महिने तिकडे राहून आलेले आईवडील परतल्यावर हमखास एक प्रश्न विचारतात. गावातल्या मुख्य रस्त्यावर, औषधाचं दुकान आणि बेकरी यांच्या मधोमध, लोकांनी वापरलेले कपडे, कपबश्या, पुस्तकं विकणारी दुकानं त्यांनी पाहिलेली असतात. एक नाही, एकाच रस्त्यावर तीन-चार. पाटीवर कुठल्या तरी संस्थेचं नाव असतं: कुणी कॅन्सरवर संशोधन करणारी, कुणी हृदयरोगावर, कुणी दुष्काळग्रस्तांना मदत करणारी. गल्ल्यावर सत्तरीच्या आजी बसलेल्या. आणि मग प्रश्न येतो: लोकांनी हा माल फुकट दिला, आजी पगार घेत नाहीत, तर मग विकता कशाला? गरिबाला सरळ देऊन का टाकत नाही?

प्रश्न रास्त आहे. आपल्या डोळ्यांसमोर दानाचं जे चित्र असतं त्यात देणारा आणि घेणारा समोरासमोर असतात. मध्ये गल्ला आला की शंका येते. या प्रकरणात तो गल्ला काय काम करतो ते पाहू. तो दान अडवत नाही, दानाला गरजेपर्यंत पोहोचवतो, असं माझं मत आहे, आणि ते का, हे पायरी पायरीनं सांगतो.

१. सात घड्याळांचा आहेर

लग्नात आहेर म्हणून भिंतीवरची सात घड्याळं आली आणि नव्या संसाराला हवी होती गॅसची शेगडी. घड्याळं चांगली आहेत, देणाऱ्यांचं मन मोठं आहे, पण घड्याळावर चहा होत नाही. तीच घड्याळं रास्त भावात विकता आली तर शेगडी येते आणि ज्यांना घड्याळ हवं होतं त्यांच्या भिंतीवर ते लागतं. लोकांकडे देण्यासारखं जे असतं आणि अडलेल्याला जे लागतं, त्या दोन गोष्टी क्वचितच एक असतात. इंग्लंडमधलं ते दुकान, म्हणजे चॅरिटी शॉप, ही फट बुजवतं.

ही युक्ती ठळकपणे दिसते ती ऑक्सफर्डच्या एका समितीच्या गोष्टीत. दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४१-४२च्या हिवाळ्यात जर्मनी आणि तिच्या साथीदारांनी व्यापलेल्या ग्रीसमध्ये अन्नान्नदशा झाली. दोस्त राष्ट्रांच्या आरमारानं समुद्रातून नाकेबंदी केली होती, त्यामुळे धान्य आत जात नव्हतं. उपाशी लोकांपुरती ही नाकेबंदी सैल करा, अशी मागणी आपल्याच सरकारकडे करायला ५ ऑक्टोबर १९४२ रोजी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये एक समिती स्थापन झाली. पाद्री मिलफर्ड, ग्रीक भाषेचे नामवंत प्राध्यापक गिल्बर्ट मरे, क्वेकर पंथाचे डॉक्टर हेन्री गिलेट अशी मंडळी त्यात होती. या समितीचं आखूड नाव पुढे जगभर गेलं: ऑक्सफॅम.

समितीला लवकरच सेसिल जॅक्सन-कोल नावाचे व्यापारी लाभले. धर्मकार्यालासुद्धा व्यापाऱ्याची शिस्त लागते, असं मानणारा हा माणूस. युद्धानंतर युरोपातल्या निर्वासितांसाठी कपडे आणि पांघरुणं द्या असं आवाहन झालं, तेव्हा लोकांनी एवढं सामान आणून दिलं की सगळं पाठवणं शक्यच नव्हतं. १९४७ साली ब्रॉड स्ट्रीटवरच्या १७ क्रमांकाच्या इमारतीत ऑक्सफॅमचं दुकान निघालं आणि जास्तीचा माल तिथे विकला जाऊ लागला. १९४९मध्ये लष्करातून परतलेले जो मिट्टी तिथे रुजू झाले. ते संस्थेचे पहिले पगारी नोकर. लोक देतील ते विकायचं, हा त्यांचा खाक्या होता. त्यांनी गाढवापासून हाऊसबोटीपर्यंत काय काय विकलं, याच्या गोष्टी आजही सांगतात. ते दुकान अजून त्याच पत्त्यावर चालू आहे.

ऑक्सफॅमच्या आधी हे कुणी केलंच नव्हतं, असं मात्र नाही. युद्धकाळात रेड क्रॉसनं लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटपासून सुरुवात करून देशभर अशी शेकडो दुकानं काढली होती. त्यांना सरकारी परवान्याची एक अट होती: दुकानातली प्रत्येक वस्तू भेट म्हणूनच आलेली हवी, विकत आणून विकायची नाही. आजच्या करसवलतींच्या मुळाशीही हाच विचार आहे, तो तिसऱ्या भागात येईल.

आता आपल्या प्रश्नाकडे. १९५१ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला आणि ऑक्सफॅमनं मदत पाठवली. ऑक्सफर्डच्या एखाद्या बाईंनी दिलेला जाड लोकरी ओव्हरकोट बिहारच्या कोरड्या शेतात काय कामाचा? तो कोट ऑक्सफर्डच्याच थंडीत कुणाच्या तरी अंगावर जाऊ शकतो आणि त्याच्या पैशांचं धान्य होऊ शकतं. विकण्यामुळे दोघांचंही भागतं.

२. मागची खोली

दुकानाचा दर्शनी भाग सगळ्यांना दिसतो. खरं काम चालतं ते मागच्या खोलीत, आणि तिथे जरा जास्त वेळ थांबायला हवं.

पिशव्या येतात त्या काळ्या प्लॅस्टिकच्या, तोंड घट्ट बांधलेल्या. टेबलाशी उभी असलेली स्वयंसेविका हातमोजे घालून एक पिशवी सोडते आणि आधी वास घेते. कुबट वास आला, म्हणजे माळ्यावर किंवा तळघरात ओल लागलेली, तर ती पिशवी तिथेच बाजूला जाते, कारण त्या एका पिशवीचा वास इतर कपड्यांना लागतो. मग एकेक कपडा. आधी कॉलर आणि बाह्यांची टोकं उजेडात धरायची, तिथे कपडा सगळ्यात आधी विरतो. मग काखा. मग चेन वरखाली करून बघायची. बटणं मोजायची. शेवटी खिसे, प्रत्येक खिसा, आतल्या अस्तरातलासुद्धा. खिशात रुमाल आणि बसची तिकिटं निघतात, पण कधी नोटा निघतात, कधी अंगठी. अशा वेळी वस्तू मॅनेजरकडे द्यायची आणि मालकाचा शोध घ्यायचा, हा नियम असतो. पिशवी अनेकदा वारलेल्या माणसाच्या कपाटातून आलेली असते आणि देणाऱ्यांनी ती उघडूनही पाहिलेली नसते.

कपडा पास झाला की तो हँगरवर चढतो. दुकानात सहसा धुलाई होत नाही. वाफेच्या यंत्रानं सुरकुत्या काढतात. हँगरच्या मानेवर मापाचा छोटा प्लॅस्टिकचा ठोकळा बसतो आणि एका पिस्तुलासारख्या यंत्रानं किमतीचं लेबल टोचलं जातं. लेबलावर किमतीशेजारी आठवड्याचा क्रमांक असतो. दोन-तीन आठवड्यांत खपला नाही तर कपडा उतरवायचा, म्हणजे नव्या मालाला जागा होते. तो मग संस्थेच्या दुसऱ्या गावच्या दुकानात जातो, नाहीतर चिंध्यांच्या पोत्यात. हा फेरा थांबला तर दुकान महिन्याभरात अडगळीची खोली होतं.

कपड्यांखेरीज बाकीचं सगळं कुणा ना कुणाच्या आवडीवर चालतं. चित्राचे हजार तुकडे जुळवायच्या कोड्याचा डबा आला, तर एखादे निवृत्त काका तो घरी नेतात, आठवडाभर जेवणाच्या टेबलावर जुळवतात आणि परत आणून डब्यावर चिठ्ठी चिकटवतात: सगळे तुकडे आहेत. एक तुकडा कमी असेल तर तेही लिहितात. भिंगातून चांदीच्या चमच्यामागचा शिक्का वाचणारं कुणी असतं. जुन्या पुस्तकांतून पहिली आवृत्ती हुडकणारं कुणी असतं. १९८७ साली ऑक्सफॅमनं ऑक्सफर्डमध्येच फक्त पुस्तकांचं दुकान काढलं, ते अशाच नजरेच्या भरवशावर.

काही वस्तू फुकट आल्या तरी ठेवता येत नाहीत. आग-प्रतिबंधक नियमात न बसणारा सोफा विकणं बेकायदा आहे. हा नियम १९८८चा. विजेच्या उपकरणाची तपासणी करून त्यावर तसं लेबल लावावं लागतं. लहान मुलांची गाडीतली आसनं आणि हेल्मेटं बहुतेक दुकानं नाकारतात, कारण त्यांना आधी धक्का बसला होता का, हे डोळ्यांना दिसत नाही. फुकट दिलेल्या वस्तूनं कुणाचं घर जळू नये, एवढी काळजी घेणं हा दानाचाच भाग आहे.

या खोलीवर मी एवढा वेळ घालवला, कारण "गरिबाला सरळ द्या" म्हणताना हेच काम आपण विसरतो. न निवडलेली पिशवी दिली, की निवडण्याचं काम आपण गरिबावर ढकलतो, आणि त्यातला फाटका, कुबट, डागाळलेला अर्धा भागही त्याच्याच दारात टाकतो.

३. बारा पौंडांचा कोट पंधरा पौंडांना

आता पैशांकडे. आधी एक कल्पना समजून घेऊ, मग हिशेब करू.

ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्यानं नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेला रोख देणगी दिली, तर त्या रकमेवर त्यानं भरलेला मूळ दराचा कर संस्था सरकारकडून परत मागू शकते. याला गिफ्ट एड म्हणतात. मूळ दर २० टक्के आहे. म्हणजे हातात ८० पेन्स आले, तर कर कापण्याआधी तो एक पौंड होता. म्हणून संस्थेला प्रत्येक पौंडावर २५ पेन्स मिळतात.

पण कोट म्हणजे रोख नव्हे. कोटावर ही सवलत मिळत नाही. यावर निघालेला मार्ग चोख आहे. देणारा कोट दान करतच नाही. तो दुकानाला सांगतो, माझ्या वतीनं हा विका. दुकान झालं त्याचा अडत्या. कोट विकला गेला की ते पैसे कायद्यानं देणाऱ्याचे, आणि ते तो संस्थेला देणगी म्हणून देतो. आता देणगी रोख झाली. म्हणून देणारा पिशवी आणतो तेव्हा त्याचं नाव-पत्ता एकदाच लिहून घेतात, पिशवीवर त्याच्या क्रमांकाचं स्टिकर लागतं आणि तोच क्रमांक प्रत्येक वस्तूच्या लेबलावर येतो. पुढे संस्था त्याला कळवते की तुमच्या वस्तूंचे इतके पैसे आले, हवे असतील तर तुमचे आहेत, नाहीतर देणगी समजतो. कोट १२ पौंडांना गेला, तर संस्थेच्या खात्यात सरकारकडून आणखी ३ पौंड येतात. बारा पौंडांचा कोट पंधराला जातो आणि गिऱ्हाइकाला एक पेनीही जास्त पडत नाही.

बाकी दोन सवलती सोप्या आहेत. दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅटचा दर शून्य आहे. आणि दुकानाच्या जागेवर जो स्थानिक कर लागतो, त्यात इंग्लंड-वेल्समध्ये ८० टक्के सूट कायद्यानंच मिळते. अट एवढीच की तिथे मुख्यतः दान आलेला माल विकला जावा आणि पैसे संस्थेच्या कामाला जावेत. रेड क्रॉसच्या परवान्यातली ती अट इथे नव्या रूपात दिसते. सरकारच्या दृष्टीनं हा धंदा नाही. दानाचं पैशात रूपांतर आहे.

आता एक कल्पित दुकान घेऊ. समजा आठवड्याची विक्री १,८०० पौंड. भाडं ४५०. मॅनेजर एकच पगारी, त्याच्यावर ५५०. वीज, कचरा, कार्डाचं यंत्र, पिशव्या मिळून २००. गाडी आणि मुख्य कार्यालयाचा वाटा आणखी २००. खर्च झाला १,४००, उरले ४००. विक्रीतल्या ६०० पौंडांच्या वस्तू गिफ्ट एडच्या असतील तर त्यावर १५० आले. आठवड्याचे ५५० पौंड संस्थेला गेले.

याच हिशेबात आता स्वयंसेवकांना पगार देऊन बघू. दुकान आठवड्यात सहा दिवस, रोज आठ तास उघडं, आणि एका वेळी तीन माणसं: १४४ तास झाले. एप्रिल २०२५पासून २१ वर्षं आणि त्यावरील वयाच्या कामगाराला तासाला किमान १२.२१ पौंड देणं बंधनकारक होतं. गुणाकार येतो सुमारे १,७५८ पौंड. म्हणजे शिल्लक सोडाच, दुकान दर आठवड्याला बाराशे पौंडांनी खड्ड्यात जाईल. हे दुकान कपड्यांच्या दानावर चालतं असं आपण म्हणतो, पण आकडे वेगळं सांगतात. ते वेळेच्या दानावर चालतं.

हे पैसे कुठे जातात याचं सगळ्यात जवळचं उदाहरण हॉस्पिसचं आहे. बरं न होणाऱ्या आजारात शेवटचे दिवस कमीत कमी वेदनेत जावेत म्हणून काळजी घेणारी ही संस्था. डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं आणि तिथून ही चळवळ पसरली. रुग्णाला एक पैसा पडत नाही. इंग्लंडमधल्या मोठ्यांच्या हॉस्पिसना सरकारकडून सरासरी एक तृतीयांशच्या आसपास खर्च मिळतो. बाकीचा समाजानं उभा करायचा. म्हणून जवळपास प्रत्येक हॉस्पिसची आसपासच्या गावांत दुकानं असतात. बाई आपल्या नवऱ्याचे शर्ट त्याच दुकानात आणून देतात ज्याच्या पैशांतून त्याच्या उशाशी रात्री नर्स बसलेली होती. आणि पुढे त्यातल्या कितीतरी बायका मंगळवारी-गुरुवारी गल्ल्यावर बसायला लागतात.

४. गल्ल्यामागची माणसं

ब्रिटनमध्ये अशी दुकानं दहा हजारांच्या घरात आहेत आणि त्यांत काम करणारे स्वयंसेवक दीड लाखांहून जास्त. कायदा त्यांच्याकडे बारकाईनं बघतो. धर्मादाय संस्थेत काम करणाऱ्या स्वयंसेवकाला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही, पण त्याला बसभाडं आणि जेवणाचा प्रत्यक्ष झालेला खर्च यापलीकडे पैसे देता येत नाहीत. दिले, तर तो नोकर ठरू शकतो आणि मग पूर्ण पगार द्यावा लागतो.

निवृत्त माणसं सर्वांत जास्त, हे उघड आहे. पण मागच्या खोलीत डोकावलं तर बाकीचेही दिसतात. शाळकरी मुलं असतात. तिथे ड्यूक ऑफ एडिनबर्ग पुरस्कारासाठी काही महिने समाजकार्य करावं लागतं. मानसिक आजारातून उठलेला तरुण असतो, ज्याला आठवड्यातून एकदा तीन तास, ओळखीच्या माणसांत, हळूहळू कामाची सवय करायची आहे. नुकती त्या देशात आलेली बाई असते, जिला वर्गातलं इंग्रजी येतं पण "हे दुसऱ्या मापात आहे का" हा रोजचा संवाद करायला कुणी भेटत नाही. किरकोळ गुन्ह्यात कोर्टानं ठरावीक तास विनामोबदला काम करायला पाठवलेला माणूसही कपडे इस्त्री करताना दिसतो. आणि त्यांच्यात काम वाटून देणारी बहुधा पंचाहत्तरीची बाई, जिला सगळ्यांचा चहा तोंडपाठ असतो.

नवीन माणसाला पहिलं शिफारसपत्र मिळतं ते इथून. गल्ला मोजता येतो, वेळेवर येतो, गिऱ्हाइकाशी नीट बोलतो, असं मॅनेजरनं लिहून दिलं की नोकरीच्या अर्जात कोरी राहिलेली जागा भरते. हा फायदा ताळेबंदात कुठेच दिसत नाही. माझ्या मते दुकानाच्या नफ्यात तो आधी मोजायला हवा.

मार्च २०२०मध्ये कोविडमुळे ही सगळी दुकानं बंद झाली. जूनच्या मध्याला इंग्लंडमध्ये उघडली तेव्हा दारात पिशव्यांचे ढीग लागले, कारण घरात बसून लोकांनी कपाटं आवरली होती. आलेला माल तीन दिवस बाजूला ठेवून मगच उघडायचा, असा नियम बहुतेकांनी केला. माल भरपूर होता आणि हात कमी होते: वयस्क स्वयंसेवक घराबाहेर पडायला घाबरत होते, आणि अनेक जण परत आलेच नाहीत. काही दुकानं आठवड्यातले मोजकेच दिवस उघडू शकली.

५. गिऱ्हाईक, याचक नव्हे

फुकट न देता विकण्याचं दुसरं कारण पैशांपेक्षा नाजूक आहे. मदत घ्यायला रांगेत उभं राहावं लागतं, आपली गरज सिद्ध करावी लागते, नाव लिहून द्यावं लागतं. दुकानात यातलं काही नाही. चार पौंड देऊन मुलाचं शाळेचं स्वेटर घेणारी आई आणि हौसेनं जुनी काचेची भांडी गोळा करणारे प्राध्यापक एकाच रांगेत उभे असतात आणि दोघांना सारखीच पावती मिळते. आवडलं नाही तर "नको" म्हणायचा हक्क गिऱ्हाइकाला असतो. मदत घेणाऱ्याला तो क्वचितच मिळतो.

यात एक खरी अडचण आहे, आणि ती प्रत्येक दुकानाला रोज सोडवावी लागते. भाव फार खाली ठेवला तर सकाळी सकाळी फेरीवाले येऊन चांगला माल उचलतात आणि इंटरनेटवर चढ्या भावानं विकतात. भाव वर नेला तर ज्याला खरी गरज आहे तोच बाहेर राहतो. अलीकडे अनेक संस्था चांगला ब्रँड दिसला की तो वेगळा काढून महाग लावतात किंवा स्वतःच ऑनलाइन विकतात. पैशांच्या दृष्टीनं ते बरोबर आहे. पण मुलांचे कपडे, गणवेश, स्वयंपाकाची भांडी आणि पांघरुणं यांचे भाव खालीच राहिले पाहिजेत, एवढी रेघ दुकानानं आखून घ्यावी असं मला वाटतं. दूरच्या गरजूसाठी पैसे उभे करताना दारातल्या गरजूला परत पाठवणं बरं दिसत नाही.

शेजारचे दुकानदार तक्रार करतात की आम्ही पूर्ण कर भरायचा आणि यांना सूट, ही बरोबरी कशी? नवा माल विकणाऱ्या छोट्या दुकानदाराच्या जागी उभं राहिलं तर तक्रार पटते. पण त्याच रस्त्यावर रिकाम्या गाळ्यांची रांग असते, आणि रिकामा गाळा शेजारच्यांचंही गिऱ्हाईक पळवतो. दिवा लागलेलं, रोज काच पुसलेलं दुकान रस्त्याला माणसं आणतं. काही जण तर काहीच घ्यायला येत नाहीत. एकटे राहणारे आजोबा रोज अकराला येतात, पुस्तकांच्या फळीशी उभे राहतात, दोन वाक्यं बोलतात आणि जातात. दोन दिवस दिसले नाहीत तर गल्ल्यावरची बाई चौकशी करते.

६. न खपलेलं कुठे जातं

चिंध्यांच्या पोत्यात गेलेला माल किलोवर विकला जातो, आणि तेही दुकानाचं उत्पन्न आहे. तो घेणारे व्यापारी मोठ्या शेडमध्ये त्याची पुन्हा निवड करतात. ऑक्सफॅमनं हे काम स्वतःच करायला १९७४ साली यॉर्कशरमध्ये हडर्सफील्डला केंद्र काढलं. पुढे ते जवळच्या बॅटली गावी गेलं. या बॅटलीला एक इतिहास आहे. १८१३ साली इथेच बेंजामिन लॉ यांनी जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यात नवी लोकर मिसळून सूत काढायची रीत बसवली. त्या कापडाला शॉडी म्हणतात.

शॉडीचा धंदा बॅटलीतून जवळजवळ संपला, पण तो आज भारतात आहे, हरियाणातल्या पानिपतला. जगभरातले जुने लोकरी कपडे तिथे येतात. घालण्याजोगे जुने कपडे आयात करण्यावर आपल्याकडे निर्बंध आहेत, म्हणून ते फाडून-कापून चिंध्या करूनच आणावे लागतात. बायका जमिनीवर बसून विळीसारख्या पात्यावर बटणं, चेन, अस्तर काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात. मग पिंजण, सूत आणि घोंगड्या. भूकंप-पुरात मदतसंस्था ज्या स्वस्त घोंगड्या वाटतात, त्यांतल्या पुष्कळ इथून जातात.

दुसरी वाट आफ्रिकेला जाते आणि ती इतकी सुखाची नाही. घानाची राजधानी आक्रा इथल्या कांतामांतो बाजारात बंद गाठोडी येतात. विक्रेती बहुधा कर्ज काढून, आत काय आहे हे न बघता गाठोडं घेते. माल चांगला निघाला तर घर चालतं. डागाळलेला निघाला तर कर्ज तिच्या डोक्यावर आणि कपडा गटारातून समुद्रकिनाऱ्यावर. जानेवारी २०२५च्या सुरुवातीला लागलेल्या आगीत या बाजाराचा मोठा भाग जळाला. स्वस्त, दोन धुण्यांत विटणारे कपडे जितके वाढले तितका हा भार वाढला. म्हणून फाटकं-विटकं पिशवीत कोंबून दारात ठेवणं म्हणजे देणं नव्हे. ऑक्सफर्डच्या टेबलावर जे काम झालं नाही, ते आक्र्याच्या बाईला स्वतःच्या पैशानं करावं लागतं.

७. बोहारणीच्या महाराष्ट्रात

मग असं दुकान आपल्याकडे का नाही? एक कारण असं की आपल्या घरातल्या जुन्या कपड्याला आधीच भाव होता. दुपारी डोक्यावर पाटी घेऊन बोहारीण यायची. दोन जरीच्या साड्या आणि तीन पँटींवर स्टीलचं पातेलं, वर एक वाटी द्या म्हणून अर्धा तास घासाघीस. ते कपडे दुरुस्त होऊन जुन्या बाजारात जायचे, विटलेले यंत्रं पुसायच्या चिंध्यांत. ही पूर्ण साखळी होती आणि ती चालवणाऱ्या बायकांची नजर कुठल्याही दुकानाच्या मॅनेजरला लाजवील अशी होती. दुसरं कारण बोलायला अवघड आहे: परक्यानं उतरवलेला कपडा घेणं आपल्याकडे हलकेपणाचं मानलं गेलं, आणि त्यात जातीचा वाटा मोठा आहे.

अलीकडे गावोगावी दिवाळीच्या सुमारास "माणुसकीची भिंत" उभी राहते. नको ते आणून ठेवा, हवं ते घेऊन जा. कल्पना उमदी आहे. पण भिंतीशी निवडणारं कुणी नसेल तर चांगलं तासाभरात उचललं जातं आणि उरलेला ढीग पालिकेच्या गाडीत जातो. निवडीचं महत्त्व ज्यांनी ओळखलं त्यांत दिल्लीची गूंज ही संस्था ठळक आहे. अंशू गुप्ता यांनी ती १९९९ साली सुरू केली. २०१५ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गूंज शहरांतून, मुंबईतूनही, सामान गोळा करते, निवडते, आणि खेड्यात ते फुकट वाटत नाही. गावकरी ठरवतात की विहीर उपसायची, रस्ता दुरुस्त करायचा, तळं खोदायचं. त्या श्रमाच्या मोबदल्यात कपड्यांचं आणि घरसामानाचं गाठोडं मिळतं. इंग्लंडमध्ये गल्ला जे करतो ते इथे श्रम करतात: घेणाऱ्याची मान ताठ राहते.

महाराष्ट्रात एखाद्या विश्वस्त संस्थेला असं दुकान काढायचं झालं, तर कराच्या बाबतीत इंग्लंडची नक्कल करता येणार नाही. आपल्याकडे ८०जी कलमाखाली सवलत मिळते ती पैशाच्या देणगीवर, वस्तूवर नाही. म्हणजे गिफ्ट एडवर हिशेब मांडता येत नाही आणि भाडं परवडणार नाही. पण सार्वजनिक मंडळांच्या, वाचनालयांच्या, ज्येष्ठ नागरिक संघांच्या तळमजल्याच्या खोल्या दुपारी बंद असतात आणि निवृत्त माणसं गावात आहेत. सुरुवात करायची ती गल्ल्यापासून नाही, निवडीच्या टेबलापासून: भरपूर उजेड, दोन अनुभवी बायका, शक्य असेल तर त्यांतली एक बोहारणीचा धंदा केलेली आणि तिला रीतसर पगार, एक वाफेची इस्त्री, न चालणाऱ्या वस्तूंची यादी दारावर, आणि चिंध्या किलोवर घेणारा व्यापारी पहिल्या पिशवीच्या आधी ठरवलेला.